जुन्या खाणीतलं तांबं

मंगळवारी दुपारी दवाखान्यातून घरी आल्यावर तिला जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिसला. पत्त्यांच्या कॅटासारखा नीट रचलेला, वरून रबरबँड. उचलायला गेली तर तो हातातून सुळकन निसटला. प्लॅस्टिक! प्रत्येक चिठ्ठी प्लॅस्टिकच्या दोन पातळ पदरांमध्ये गच्च बंद झालेली, कोपरे गोल कापलेले. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं, तीस वर्षांपूर्वीचं, जरा जास्तच ऐटबाज: ‘वरची खाण. हिरवा खडा. सुरुंगवाल्याकडून, दोन दाढा काढल्यावर.’ ही चिठ्ठी ज्या खड्याखाली असायला हवी तो खडा आतल्या कपाटात, चौथ्या खणात, आपल्या डबीत आता बिनचिठ्ठीचा बसलेला असणार, हे ध्यानात यायला तिला एक क्षण लागला. मग बाकीचे बासष्ट आठवले.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा होता. आयुष्यभर ग्रंथपाल होता. फाटक्या पुस्तकाला नवी बांधणी घालून आणल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तोच आत्ता होता. “कसर लागली होती गं,” तो म्हणाला. “परवा खालचा खण उघडला तर सुर्रकन पळाली. दोन-तीन चिठ्ठ्यांच्या कडा खाऊन टाकल्यात. शनिवारी त्या संग्रहालयातल्या बाई येणार, त्यांच्यासमोर असले कुरतडलेले कागद ठेवायचे का? म्हणून सगळ्या नेल्या आणि लॅमिनेट करून आणल्या. आता शंभर वर्षं बघायला नको.”

“कुठल्या डबीतली कुठली, ते लिहून ठेवलंत?”

“डबीतली?” त्याचं हसू अजून तसंच होतं. “लहान वेगळ्या आणि मोठ्या वेगळ्या केल्या. लॅमिनेशनवाल्याला कापायला सोपं जावं म्हणून.”

तिनं रबरबँड काढून चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. तिचं न बोलणं काय असतं ते त्याला अडतीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. तो हळूच खुर्चीत बसला आणि म्हणाला, “बरंच चुकलं का?”

“चहा टाका,” ती म्हणाली. “आणि टेबल मोकळं करा. शनिवारपर्यंत आपण बाहेरच्या खोलीत जेवायचं.”

घाबरायचा तिचा स्वभाव नव्हता. चार दशकं लोकांच्या उघड्या तोंडात हात घालणाऱ्या बाईला घाबरून चालतही नाही. हाताला कंप सुटला की समोरच्याला आधी कळतं. संग्रह करणारे जाणते लोक खड्याच्या पोटावर रंगाचा एक ठिपका लावून त्यावर बारीक आकडा घालतात आणि वहीत तोच आकडा लिहितात, हे तिला माहीत होतं. पण ती म्हणायची, नंबर कशाला? दात बघून मी पेशंट ओळखते, चेहरा बघावा लागत नाही. हे खरंही होतं. एकदा लग्नाच्या जेवणात समोरच्या पंगतीतला माणूस हसला, तेव्हा तिनं नवऱ्याला कोपरखळी मारून सांगितलं होतं, हा माझा, वरची डावी दुसरी दाढ, सतरा वर्षांपूर्वीची. मग हे खडे तर तिच्या हातांखालून कितीदा गेलेले. तिनं तोंड बघायचा आरसा आणला, सळई आणली, भिंग आणलं, आणि तीन वाजता त्रेसष्ट डब्या टेबलावर मांडल्या. डब्याही दवाखान्यातल्याच, कवळ्यांच्या, आत कापूस.

पहिले चाळीस तर खेळासारखे गेले. तांब्याच्या खाणीच्या वसाहतीतल्या छोट्या दवाखान्यात तिनं नोकरीची पहिली अकरा वर्षं काढली होती, आणि हे सगळे खडे तिथल्या खाणकामगारांनी आणून दिलेले. फी कंपनी भरायची. खडा म्हणजे दुखणं थांबल्याचा आनंद. खाणी तीन. वरच्या खाणीचा दगड पांढरा, नदीखाणीचा काळा पाटीसारखा, आणि तिसरी जुनी खाण, तिची माती गंजाच्या रंगाची. ती बंद पडून तेव्हाच साठ वर्षं झाली होती, तोंड भिंत घालून बुजवलेलं, आत पाणी. त्यामुळे पांढऱ्यावरचं हिरवं वरच्या खाणीचं, काळ्यावरचं पितळी नदीखाणीचं, इतकं साधं. हिरव्यात हिरवं वेगळं करायला तिनं एक खडा जिभेला लावला, तो चिकटला. “अगं, चाटतेस काय दगड!” नवरा ओरडला. “जिभेला चिकटतो तो वेगळा, न चिकटणारा वेगळा,” तिनं सांगितलं, “तुम्ही पुस्तकाचा वास घेऊन साल सांगायचात, तसंच.” नवरा जरा खुलला आणि चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या कामाला लागला. त्याचं वाचन स्वच्छ. ‘नदीखाण. मोरपंखी. मेसच्या आचाऱ्याकडून.’ त्या आचाऱ्याचे सगळे दात शाबूत होते आणि तो तरीही दर महिन्याला येऊन खुर्चीत बसायचा, कारण सबंध वसाहतीत टेकून बसायची खुर्ची तेवढी एकच होती. ‘वरची खाण. निळा.’ हा निळा कडेकडेनं हिरवा होत चालला होता. होतोच तो, हवेनं, हळूहळू, माणसाच्या आयुष्याला जुमानत नाही. बाटलीतला मोरचूद, खाणीच्या लाकडी खांबावर आपोआप धरलेला, तिनं हातात घेतला तेव्हा तिच्या नाकात एकदम त्या दवाखान्याचा वास आला, लवंगेच्या तेलाचा आणि ओल्या बुटांचा. दार उघडं आहे, बाहेर बाकावर पाच-सहाजण गालाला हात लावून बसलेत, पाळी सुटल्याचा भोंगा वाजतो आहे आणि ती सव्वीस वर्षांची आहे. एका दाढेशी झटते आहे, आणि दाढ हलल्याचा तो पहिला बारीकसा कणकण आवाज तिच्या मनगटापर्यंत पोचतो आहे. तेव्हापासून तिला कधी वाटलं नाही की आपण चुकू. आपण चुकलो तर हाताला कळेल, असंच तिला वाटत आलं होतं.

बुधवारी संध्याकाळी एकसष्ट चिठ्ठ्या लागल्या. टेबलावर दोन डब्या राहिल्या आणि दोन चिठ्ठ्या.

एक चिठ्ठी मोजणीदाराच्या हातची, जांभळ्या शाईतली, अक्षर मोत्यासारखं: ‘जुनी खाण. दुसरी पातळी. वडिलांकडून आलेलं.’ खाणीच्या मोजणीचं काम त्या घरात दोन पिढ्या होतं. म्हातारा कवळीसाठी आला होता, आणि शेवटच्या दिवशी नव्या दातांनी ‘येतो’ म्हणून जाताना त्यानं हे तिच्या हातात ठेवलं. जुन्या खाणीतलं तांबं आता जगात मोजून चार-पाच ठिकाणी आहे, आणि संग्रहालयातल्या बाईंचं पत्र खरं तर त्या एकाच नमुन्यासाठी आलेलं होतं. दुसरी चिठ्ठी तिची: ‘नदीखाण. कंदीलकडून भेट.’ कंदील म्हणजे एक खाणकामगार; दिवा तीनदा तपासल्याशिवाय खाणीत पाऊल टाकायचा नाही, म्हणून सगळे त्याला कंदील म्हणायचे. आणि दोन्ही डब्यांत एकच वस्तू: सुटं तांबं, खडकाच्या फटीत धातूच्याच रूपात वाढलेलं, भट्टी न बघितलेलं, नेच्याच्या पानासारखं, तळहाताएवढं. देठाशी गडद लाल स्फटिक. उजेडात हे स्फटिक काळवंडतात, म्हणून दोन्ही पानं काळ्या कापडात गुंडाळून तळाच्या खणात ठेवलेली. या घरात राहायला आल्यापासून तिनं ती उघडलीच नव्हती. अकरा वर्षं. दोन्हीवर खडकाचा कपटाही नाही, म्हणजे काळा-पांढरा बघायची सोय नाही.

त्यांतलं एक पान देखणं होतं. पाच फाटे, प्रत्येक फाट्याला बारीक दात, आणि लाल स्फटिक इतके स्वच्छ की भिंगाखाली त्यांच्या आतून उजेड जात होता. दुसरं जाड, तपकिरी, एका बाजूनं टोक मोडलेलं. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत बसली. तिला आठवलं: मोजणीदाराचा हात, नखं कापलेली, आणि त्या हातात ते देखणं पान. अगदी स्पष्ट. मग तिनं मुद्दामच, पडताळा म्हणून, त्याच हातात मोडकं पान ठेवून बघितलं. आणि तेही तितकंच स्पष्ट आठवलं. त्याच नखांसकट. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीन लागावी, तसं झालं. आठवण म्हणून आपण जे बघतो ते कोण दाखवतं? आणि मंगळवारपासून या एकसष्ट जणांच्या बाबतीत जे आठवलं ते? छे. तिथं दगड होता, जीभ होती, पुरावा होता. ती पाणी प्यायली आणि तिनं डॉक्टरसारखा विचार केला. मोजणीदार चोखंदळ माणूस. बापाकडून आलेली एकुलती एक वस्तू मोडू देईल का? आणि कंदीलला फोरमनची नजर चुकवून गडबडीत जे मिळालं असेल ते मोडकंच असणार. फाट्यांच्या खाचांमध्ये चिमूटभर माती होती, तीही तिनं बघितली. दोन्हीकडे काळी नव्हती, भुरकट तांबूस होती. धुतलं असेल. तांब्याचा गंज असेल. तिनं देखण्या पानाखाली जांभळी चिठ्ठी ठेवली.

“झालं?” नवऱ्यानं विचारलं.

“झालं.”

“म्हणजे मी सुटलो?”

“तुम्ही काय सुटताय,” ती म्हणाली, पण हसली.

तरी गुरुवारी सकाळी दवाखान्यात न जाता तिनं दोन्ही डब्या पिशवीत घातल्या आणि कंदीलकडे निघाली. शंका होती म्हणून नव्हे, शिक्का मारून घ्यायला. खाण बंद झाल्यावर वसाहतीतली निम्मी माणसं याच शहरात येऊन पांगली होती, आणि कंदील दरवर्षी न चुकता तिच्याकडे कवळी घासून घ्यायला यायचा. पंचाहत्तरीला टेकलेला. लेकीचं शिवणकामाचं दुकान होतं, दोन रस्ते ओलांडून, एका चाव्या बनवणाऱ्याच्या आणि एका औषधाच्या दुकानाच्या मधे. तिथं तो काजं-बटणं करत बसायचा. ती गेली तेव्हा लेक आत मशीनवर होती आणि तो बाहेरच्या काउंटरवर एका गणवेशाला बटण लावत होता, दोरा दातानं न तोडता कात्रीनं. कवळीला जपायला तिनंच सांगितलं होतं.

“बाई! आज तुम्हीच आलात? माझी पाळी तर पुढच्या महिन्यात.”

“दाताचं काम नाही. एक ओळख पटवायचीय.” तिनं डब्या काउंटरवर ठेवल्या, झाकणं काढली, कापड बाजूला केलं. “यातलं तुम्ही दिलेलं कुठलं, सांगता?”

त्याला विचार करावा लागला नाही. त्यानं बोट ठेवलं ते देखण्या पानावर.

“नीट बघा,” ती म्हणाली. “तीस वर्षं झालीत.”

“बाई, तुम्ही स्वतः काढलेला दात विसराल?” त्यानं पान अलगद उलटं केलं. मागं, देठाशी, एक सरळ खाच होती. ती तिनं दोन दिवस बघितली होती आणि नैसर्गिक म्हणून सोडून दिली होती. “हे दिव्याच्या आकड्यानं उचकटलं मी. दुसरं काही नव्हतं जवळ. आकड्याचा एवढा मार लागला.” मग त्यानं एकदा आत, मशीनच्या आवाजाकडे बघितलं, आणि आवाज थोडा खाली आणला. “आणि ते नदीखाणीतलं नाही. मी तेव्हा खोटं बोललो.”

“मग?”

“जुन्या खाणीतलं.”

बाहेर चाव्यावाल्याचं यंत्र किंचाळलं आणि थांबलं. तिनं पिशवीतून सळई काढली, फाट्याच्या खाचेतली माती अंगठ्याच्या नखावर उकरली आणि दारातल्या उन्हात धरली. गंजाच्या रंगाची. मोडक्या पानातली माती काढली. तीच. काल रात्री जेवणाआधी तिनं हेच बघितलं होतं आणि धुतलं असेल म्हणाली होती, कारण चिठ्ठीवर नदीखाण लिहिलेलं होतं आणि चिठ्ठी तिनं स्वतः लिहिलेली होती. मोजणीदाराचं ते मोडकं. बापाच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून राहिलं असेल, पडलं असेल, मोडलं असेल. माणसं आपल्याला आवडणाऱ्या वस्तू वापरतात, हे तिला का सुचू नये? चुकलो तर हाताला कळेल, असं ती समजत होती. हात गप्प बसले होते. गंमत म्हणजे तिला अपमान वाटला नाही. दुखरी दाढ कुठली ते शेवटी सापडल्यावर वाटतं तसं, मोकळं वाटलं.

“भिंत होती ना तोंडाला?” तिनं विचारलं.

“कडेनं ढासळली होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी.” त्यानं बटण, सुई, गणवेश सगळं बाजूला सारलं. “माझे आजोबा होते तिथं कामाला. घरी नुसतं ऐकलेलं, त्यांची बोटं मरेपर्यंत हिरवी होती म्हणून. एकदा बघायचं होतं, बस्स. दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी गेलो. एकटाच. सापडलो असतो तर नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं, हिची आई पोटुशी होती.” त्यानं मानेनंच आतल्या लेकीकडे दाखवलं. “बाहेर आलो तर हे हातात. आता ठेवू कुठं? क्वार्टरची झडती कधीही घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे दाढेचा नंबर होता. म्हटलं, डॉक्टरबाईंच्या घराची झडती कोण घेतोय! तोंडात कापसाचा बोळा, गाल बधिर. तुमच्या पुढ्यात धरलं आणि म्हटलं, ‘ठेवा, बाई.’”

तिनं सळई खाली ठेवली.

“ठेवा म्हणजे…”

“म्हणजे ठेवा. सांभाळा.” तो ओशाळला. “तुम्हाला वाटलं, ठेवून घ्या. तुम्ही किती खूश झालात! पुढं वर्षभरानं न्यायला आलो, तर तुम्ही डबी उघडून मलाच दाखवलीत. आत चिठ्ठी. ‘कंदीलकडून भेट.’ वाचलं आणि म्हटलं, आता झालीच भेट. काय बोलणार? डॉक्टरबाई आहात. बरं, आणि मग बरंही वाटायचं. दर वर्षी खुर्चीत आ करून बसलो की मनात म्हणायचो, इथंच कुठंतरी आहे.”

तीस वर्षं. दर वर्षी तो आ करून बसला होता आणि ती त्याच्या तोंडात बघत त्याला हवापाण्याच्या गोष्टी सांगत होती. आत मशीन थांबलं होतं. लेक ऐकत होती की दोरा भरत होती, कळत नव्हतं. तिला शनिवार दिसला, टेबलाच्या मधोमध हे पान, संग्रहालयातल्या बाईंचं भिंग, ‘अप्रतिम’ हा शब्द. दोन दिवस ती त्या शब्दाची वाट बघत होती, हे तिला आत्ता उमगलं. आणि ते स्फटिक दारातल्या उन्हात असे पेटले होते की कापड टाकायला हवं होतं, पण हात पुढे होईना. मग झाला. हलणारा दात कुरवाळत बसायचं नसतं, हे तिनं हजार जणांना सांगितलं होतं. तिनं पानावर काळं कापड पांघरलं, झाकण लावलं आणि डबी काउंटरवरून त्याच्याकडे सरकवली.

“सांभाळलं,” ती म्हणाली. “आता न्या.”

तो ‘नको नको’ म्हणाला नाही. त्याबद्दल तिला तो फार आवडला. त्यानं दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले, डबी घेतली, उघडली, आणि काहीतरी खाल्ल्यासारखा गालातल्या गालात जिभेनं कवळी चाचपत राहिला. डोळे भरले होते की उन्हानं मिचकावत होता, तिनं बघितलं नाही. असल्या वेळी ती पेशंटच्या तोंडाकडे न बघता हत्यारं आवरते. तिनं सळई पुसून पिशवीत टाकली.

“आत कसं होतं?” तिनं विचारलं. अकरा वर्षं खाणीच्या तोंडाशी राहून ती एकदाही आत गेली नव्हती, आणि कुणाला हे विचारलंही नव्हतं. लोक आ करूनच यायचे, बोलणार कसे?

“आत?” त्यानं डबी तिरपी धरली. “आधी काहीच नाही. चिखल. छातीपर्यंत थंडगार पाणी, आणि मी दिवा असा डोक्यावर धरलेला. भिंती निळ्या, ओघळ आलेले, मेण वितळल्यासारखे. म्हटलं, एवढ्यासाठी जीव धोक्यात घातला? परत फिरायला वळलो आणि दिवा वर गेला. छताला फट होती, लांब, पार दिसेनाशी होईपर्यंत. आणि फटीभर ही पानं. एक नाही, शेकडो. दिवा हलवला की सगळी हलायची. मी किती वेळ उभा होतो, माहीत नाही. पायांतली जाण गेली तेव्हा कळलं. आजोबा खाणीबद्दल कधीच काही बोलायचे नाहीत, असं घरचे म्हणायचे. मला वाटायचं हाल झाले असतील म्हणून. तसंही असेल. पण मीही कुणाला सांगितलं नाही बघा. सांगून ते दिसणार थोडंच?”

आतून लेक बाहेर येऊन उभी राहिली होती, गळ्यात टेप. “बाबा,” ती म्हणाली, “हे मला कधी बोलला नाहीत.”

“तू आईच्या पोटात होतीस,” तो म्हणाला. “बघ. ये इकडे.”

डॉक्टरबाई निघाली. एक डबी कमी झालेली पिशवी हाताला विचित्र हलकी लागत होती, आणि ती सबंध रस्ता एका हातातून दुसऱ्या हातात घेत आली.

घरी नवऱ्यानं दार उघडताच विचारलं, “मारला शिक्का?”

“उलटा बसला,” ती म्हणाली आणि चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, “माझ्या लॅमिनेशनमुळे झालं म्हणायचं.” “म्हणा,” ती म्हणाली. “पण पुन्हा करू नका.” संध्याकाळी तिनं रंगाची बाटली आणि बारीक ब्रश आणून एकेका खड्याच्या पोटावर आकडा घातला, एक ते बासष्ट, आणि नवरा वहीत उतरवून घेत गेला. मधे दोन चिठ्ठ्या तिनं पुन्हा बाजूला काढल्या आणि भिंग लावून नव्यानं तपासल्या. एक बरोबर होती. दुसरीबद्दल तिनं वहीत लिहायला सांगितलं: खाण नक्की माहीत नाही.

“असं लिहायचं?” नवऱ्यानं पेन थांबवून विचारलं.

“असंच लिहायचं.”

शनिवारी संग्रहालयातल्या बाई आल्या. तरुण होत्या, केस कापलेले, हातमोजे स्वतःचे घेऊन आलेल्या. त्यांनी खडे बघायला दीड तास घेतला आणि मोडक्या पानाशी पोचल्यावर खुर्ची ओढून बसल्या. मातीला सळई लावली, मोडलेलं टोक बघितलं, जांभळी चिठ्ठी प्लॅस्टिकमधूनच दोनदा वाचली. नवरा भिंतीकडे बघत होता.

“वर्णनं वाचली होती. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघतेय,” त्या म्हणाल्या. “खात्री आहे ना?”

“याची आहे.”

“जुन्या खाणीतलं आणखी एखादं कुणाकडे असेल, ऐकलंय का तुम्ही? आम्ही खूप दिवस शोधतोय.”

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मोडकं पान कापडात गुंडाळलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

“एक आहे,” ती म्हणाली. “याच्यापेक्षा देखणं. पण त्या माणसाला ते बघायला तीस वर्षांनी मिळालंय. त्याचं बघून झालं की विचारा.”